‘कार्डावर बसत नाही’ म्हणजे काय? औषधांची यादी करणाऱ्या खुर्च्यांवर कोण बसतं?

बेळगावच्या शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे. परवा मागच्या गल्लीतल्या एक काकू आल्या आणि हातातली पिशवी त्यांनी काउंटरवर उपडी केली. चार रिकाम्या स्ट्रिपा, डिस्चार्जचा कागद आणि घडीवर विरत आलेलं रेशन कार्डाचं झेरॉक्स. काकांची अँजिओप्लास्टी सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर झाली होती, त्यात एक रुपया लागला नाही. घरी येताना पंधरा दिवसांच्या गोळ्याही मिळाल्या. आता सोळावा दिवस होता.

‘‘ह्या गोळ्या कार्डावर बसत नाहीत म्हणूलालेत,’’ काकू म्हणाल्या. ‘‘लाखाचं ऑपरेशन बसतंय आणि दोन गोळ्या बसत नाहीत? कोण ठरवूलाय हो हे?’’

गोळ्या दिल्या, बिल केलं, पण प्रश्न काउंटरवरच राहिला. आपल्याकडे आरोग्य कार्डाची चर्चा निघाली की सगळे रकमेवर बोलतात. दीड लाखाचं होतं ते पाच लाखांचं झालं, अमक्याला मिळालं, तमक्याला नाही. त्या पाच लाखांत काय येतं याची एक यादी असते. ती करणारी माणसं असतात, आणि त्या माणसांना कुणीतरी नेमलेलं असतं. ही नेमणूक कशी होते ते कुणी विचारत नाही. माझ्या मते कार्डावरच्या आकड्याइतकीच, कदाचित थोडी जास्तच, ती महत्त्वाची आहे.

पाच लाखांचं ताट, पण वाढप ठरलेलं

आधी कार्डाचं बघू. कर्नाटकात आपल्याकडे चालते ती ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. राज्याची आरोग्य कर्नाटक योजना त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती, आणि ऑक्टोबर अखेरीस दोन्ही एकत्र झाल्या. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. एपीएल असेल तर ठरलेल्या खर्चाच्या तीस टक्के सरकार देतं आणि त्याला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. राज्यात हे सगळं चालवते ती सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट.

आता गंमत अशी, की हा विमा इस्पितळात दाखल होण्याचा आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस, दाखल असतानाचा काळ आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस एवढ्यातली औषधं त्यात येतात. त्यानंतर महिनोन्‌महिने चालणारी बीपीची, शुगरची, रक्त पातळ ठेवायची गोळी या विम्यात नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती मिळाली तर फुकट, नाहीतर माझ्यासारख्याच्या दुकानात. काकूंचा सोळावा दिवस हा असा नियमातून आलेला आहे. कार्ड काढताना हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तरी मला कुणी सांगितलं नसतं.

तीन चाळण्या

औषध कारखान्यातून निघून तुमच्या कार्डापर्यंत येताना तीन चाळण्यांतून जातं. घरी रव्याची चाळण, पिठाची चाळण आणि सपिटाची चाळण असते, तसंच. प्रत्येक पुढची चाळण जास्त बारीक.

पहिल्या चाळणीत प्रश्न एकच: हे औषध देशात विकू द्यायचं का? ते केंद्राचे औषध महानियंत्रक ठरवतात आणि त्यांना सल्ला द्यायला तज्ज्ञांच्या समित्या असतात. दुसऱ्या चाळणीत विचारतात, हे औषध लोकांसाठी अत्यावश्यक आहे का? त्याची राष्ट्रीय यादी असते. यादीत आलं की त्याच्या किमतीला लगाम बसतो. तिसरी चाळण योजनेची: याचे पैसे सरकार भरणार का?

बहुतेक गैरसमज या तीन चाळण्यांच्या गोंधळातून होतात. २०२२ च्या अत्यावश्यक यादीतून रॅनिटिडीन ही आम्लपित्ताची गोळी गळली. त्यात कर्करोगाला कारण ठरू शकेल असा अशुद्ध घटक सापडल्याची चर्चा त्याआधी दोन-तीन वर्षं जगभर चालली होती. बातमी आली आणि दुकानात रांग लागली. ‘‘बंद झाली म्हणे ती गोळी?’’ बंद झाली नव्हती. दुसऱ्या चाळणीतून पडली, पहिलीत शिल्लक होती. लोकांना वाटलं बंदी आली. खरं तर यादीबाहेर गेलेल्या औषधावरचा कमाल किमतीचा लगाम सुटतो. कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत भाव वाढवू शकते, एवढंच बंधन उरतं.

तिन्ही चाळण्या धरणारे हात वेगळे, आणि ते हात नेमायची पद्धतही वेगळी.

लक्ष्मी यात्रेची कमिटी

कमिटी कशी बनते हे आपल्या बाजूच्या माणसाला शिकवायची गरज नाही. येळ्ळूर असो, उचगाव असो की खानापूरकडचं एखादं गाव, लक्ष्मी यात्रा ठरली की आधी कमिटी बसते. तिच्यात माणसं तीन वाटांनी येतात. काही हक्कदार: पाटील, पुजारी, मानकरी. त्यांना कुणी निवडत नाही, खुर्ची घराण्याबरोबरच येते. काही गल्लीनं निवडून दिलेले, दर गल्लीतून एक-दोन. आणि काहींना पंच बोलावून घेतात: हिशोब येतो म्हणून शाळेतले गुरुजी, मोठी पंगत सांभाळलेली म्हणून एखादा जुना आचारी.

सरकारी कमिटीतही याच तीन वाटा आहेत, फक्त नावं जड. हक्कदाराला ‘पदसिद्ध’ म्हणतात, निवडून आलेल्याला ‘निर्वाचित’ आणि बोलावून घेतलेल्याला ‘नामनिर्देशित’. पुढे मी हक्कदार, निवडलेला, बोलावलेला असंच म्हणेन.

पहिल्या चाळणीपासून सुरू करू. औषधांच्या बाबतीत कायद्यानं सर्वांत नीट लिहून ठेवलेली कमिटी म्हणजे औषध तांत्रिक सल्लागार मंडळ. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पाचव्या कलमात तिच्या खुर्च्या मोजून दिल्या आहेत. एकूण अठरा.

त्यातल्या आठ हक्कदारांच्या. अध्यक्ष केंद्राच्या आरोग्य सेवेचे महासंचालक. मग औषध महानियंत्रक, कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचे संचालक, कसौलीच्या संशोधन संस्थेचे, लखनौच्या औषध संशोधन संस्थेचे, इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेचे, शिवाय वैद्यक परिषद (२०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आहे) आणि फार्मसी परिषद यांचे अध्यक्ष. पाच खुर्च्या निवडलेल्यांच्या: फार्मसी शिकवणारा एक, वैद्यक शिकवणारा एक, वैद्यकीय संशोधन परिषदेनं निवडलेला औषधशास्त्रज्ञ, डॉक्टरांच्या संघटनेचा एक, औषध व्यावसायिकांच्या संघटनेचा एक. उरलेल्या पाच बोलावलेल्यांच्या: राज्यांच्या औषध नियंत्रण खात्यांतले दोन, सरकारी औषध विश्लेषक दोन आणि औषध उद्योगातला एक. निवडलेल्या आणि बोलावलेल्यांची मुदत साधारण तीन वर्षांची, आणि पुन्हा येण्याला मनाई नाही.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा इज्जतनगरवर अडलो. जनावरांची औषधंही याच कायद्यात येतात, म्हणून ती खुर्ची योग्यच आहे. म्हैस बोलू शकत नाही, तिच्या वतीनं कुणीतरी बसायला हवं. पण अठरांत रुग्णाच्या वतीनं बसणारी खुर्ची शोधली, तर ती नाही. १९४० साली कुणाला सुचली नसेल. नंतर इतक्या दुरुस्त्या झाल्या, तेव्हाही सुचली नाही.

दुसरी चाळण: अत्यावश्यक यादी

अत्यावश्यक औषधांची कल्पना जागतिक आरोग्य संघटनेची. तिची पहिली यादी १९७७ ची. आपली पहिली राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली, मग २००३, २०११, २०१५ आणि २०२२. शेवटच्या यादीत ३८४ औषधं आहेत. आधीची ३७६, त्यात ३४ आली आणि २६ गेली.

ही यादी करणारी राष्ट्रीय औषध स्थायी समिती २०१८ मध्ये आरोग्य मंत्रालयानं नेमली. अध्यक्ष होते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव, उपाध्यक्ष औषधशास्त्रज्ञ डॉ. वाय. के. गुप्ता. माणसं मोठी, अभ्यासू. माझं म्हणणं माणसांबद्दल नाही, खुर्चीबद्दल आहे. वरच्या अठरांच्या मंडळासारख्या या समितीच्या खुर्च्या कायद्यात लिहिलेल्या नाहीत. मंत्रालयाचा आदेश निघाला की समिती होते. किती जण, कुठल्या शाखेचे, किती वर्षं, हे आदेश काढणाऱ्याच्या हातात. समितीनं अहवाल दिला २०२१ मध्ये आणि यादी जाहीर झाली १३ सप्टेंबर २०२२ ला. म्हणजे कमिटीचा अहवाल आणि जाहीर यादी यांच्यामध्ये वर्षभर गेलं.

यादीत येण्याचे निकष मात्र स्पष्ट आहेत, आणि चांगले आहेत. औषधाला देशात परवानगी हवी, ते आपल्याकडच्या आजारांवरचं हवं, गुणाचा आणि सुरक्षिततेचा पुरावा हवा, आणि पूर्ण उपचाराचा खर्च बघितला जातो, एका गोळीचा नव्हे. दहा रुपयांची गोळी पाच दिवस आणि सहाची दहा दिवस घ्यायची असेल तर स्वस्त कोणती, हे आमच्या गिऱ्हाइकांना कमिटीआधीपासून कळतं.

यादीत आल्यानं काय होतं? २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात सूत्र आहे. बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या कंपन्यांचे दुकानदाराला पडणारे भाव घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची, त्यावर दुकानदाराचे सोळा टक्के धरायचे. ती कमाल किंमत. ती राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण जाहीर करतं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण काकांच्या छातीतच आहे. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळीदार नळी. औषधाचा लेप असलेला स्टेंट पूर्वी लाखाच्या वर जायचा. एका वकिलानं दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की हा अत्यावश्यक यादीत का नाही? मंत्रालयानं तज्ज्ञांची समिती नेमली, समितीनं शिफारस केली आणि जुलै २०१६ मध्ये स्टेंट यादीत आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये किंमत बांधली गेली: लेपाचा २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये, कर वेगळा. कंपन्या त्याच, नळी तीच. बदल झाला तो यादीतल्या एका ओळीचा. आणि ती ओळ मागायला कमिटीतला कुणी उठला नव्हता, बाहेरचा एक वकील उठला होता.

तिसरी चाळण: पैसे कुणाचे, तर निर्णय कुणाचा

योजनेत औषध सुटं मोजत नाहीत. ‘पॅकेज’ असतं: अमुक शस्त्रक्रिया, खाट, तपासण्या, औषधं मिळून इतके रुपये. केंद्राच्या २०२२ च्या यादीत सत्तावीस शाखांची १,९४९ पॅकेजं आहेत. कर्करोगासारख्या आजारात मात्र कुठलं औषध, किती वेळा, हे पॅकेजच्या नावातच येतं. तिथं पॅकेज नाही म्हणजे औषध नाही.

केंद्रात हे काम राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं. त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय आरोग्यमंत्री. त्या-त्या शाखेच्या डॉक्टरांच्या समित्या पॅकेज सुचवतात, कर्करोगासाठी टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं चालणाऱ्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडची मदत घेतली गेली. ‘या उपचाराला लागणाऱ्या पैशाच्या मानानं गुण किती’ हे तपासायला २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली वेगळी यंत्रणाही आहे. राज्यांना यादीत आपल्या गरजेनुसार भर घालता येते. कर्नाटकानं घातली आहे, वर आपला नियमही केला आहे: आधी सरकारी दवाखाना, तिथं सोय नसेल तर रेफरलची चिठ्ठी, मग खासगी. १६९ तातडीच्या उपचारांना चिठ्ठी लागत नाही. (हा १६९ चा आकडा लक्षात ठेवा. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला रिक्षात बसवून चिठ्ठीसाठी फिरवणारे नातेवाईक मी बघितले आहेत.)

या तिसऱ्या चाळणीत नेमणुकीची वाट बहुतेक एकच: बोलावणं. प्राधिकरण संसदेच्या कायद्यानं झालेलं नाही, मंत्रिमंडळाच्या निर्णयानं झालं आहे. तेव्हा समित्यांच्या खुर्च्याही आदेशानंच येतात आणि जातात. हक्कदार अधिकारी, बोलावलेले डॉक्टर. गल्लीतून निवडून आलेला कुणी नाही.

‘‘पण कंपनीचा माणूस मुळात हवाच कशाला?’’

अठरांत उद्योगाचीही एक खुर्ची आहे म्हटलं की लोक हे विचारतात. ते ऐकलं की मला यात्रेतला मंडपवाला आठवतो. मंडप किती फूट लागेल, पाऊस आला तर काय, वाऱ्याला कुठली बाजू धरायची, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? त्याला कमिटीपुढं बोलवायलाच हवं. पण मंडपाचा दर ठरवताना तो खुर्चीवर बसून असेल तर बाकीच्यांची जीभ अडते. त्यानं सांगायचं ते सांगून बाहेर चहा घ्यायला जावं. शहाण्या कमिटीत हेच होतं.

यालाच हितसंबंध जाहीर करणं म्हणतात: ‘या विषयात माझा पैसा, माझी नोकरी, माझं मानधन अडकलं आहे’ असं आधी सांगायचं आणि त्या विषयाच्या वेळी उठून जायचं. धोका दाराशी दिसणाऱ्या मंडपवाल्याचा कमी. त्याचा मेहुणा गुरुजी म्हणून आत बसला असेल तर जास्त. एखादा मोठा प्राध्यापक डॉक्टर कंपनीच्या चाचण्या करतो, कंपनीच्या परिषदेत भाषण देतो, आणि समितीत मात्र ‘स्वतंत्र तज्ज्ञ’ म्हणून येतो.

हे काल्पनिक नाही. मे २०१२ मध्ये आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीनं आपला एकोणसाठावा अहवाल दिला. नव्या औषधांच्या परवानग्यांच्या फायली तिनं तपासल्या. वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी दिलेल्या शिफारशी शब्दाला शब्द जुळत होत्या. पाठीमागून कुणी ‘अदृश्य हात’ मसुदा लिहून देतात की काय, असा प्रश्न समितीनं उपस्थित केला. एकाच वहीतून दहा पोरांनी गृहपाठ उतरवला की बाईंना एका चुकीच्या स्पेलिंगवरून कळतं, तसं झालं.

न्यायानं माझाही हितसंबंध सांगतो. वरच्या सूत्रात दुकानदाराचे सोळा टक्के आहेत ते माझे आहेत. यादीत औषध आलं की किंमत पडते आणि सोळा टक्केही पडतात. शिवाय काकूंच्या गोळ्या कार्डावर आल्या तर माझं एक गिऱ्हाईक कमी. हे माहीत धरून पुढचं वाचा.

‘‘सामान्य माणसाला औषधातलं काय कळतंय?’’

औषधातलं कळत नाही. आजारातलं कळतं. दोन औषधं सारखाच गुण देतात, एक फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, दुसरं नाही. कागदावर दोन्ही सारखी. जांबोटीकडच्या वाडीवर पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते, तिथं पहिल्याचा उपयोग किती, हे बंगळूरच्या औषधशास्त्रज्ञाला कुणीतरी सांगायला हवं. दिवसातून चार वेळा घ्यायची गोळी ऊसतोडीला गेलेली बाई दोनदाच घेणार. दर तीन आठवड्यांनी बेळगावला यावं लागणारं इंजेक्शन म्हणजे एसटीचं भाडं, सोबत एक माणूस, दोघांचा बुडालेला रोज. कंपनीच्या चाचणीत हा खर्च धरलेला नसतो.

इंग्लंडात १९९९ साली ‘नाईस’ नावाची संस्था निघाली. सरकारी आरोग्य सेवेत कुठलं औषध घ्यायचं ते ती ठरवते. तिच्या समित्यांत डॉक्टर, अर्थतज्ज्ञ यांच्याबरोबर ‘ले मेंबर’ म्हणजे बिगरतज्ज्ञ सभासद असतात. जागा निघाली की जाहिरात येते आणि लोक अर्ज करतात. सभासदांचे हितसंबंध जाहीर असतात. ऑस्ट्रेलियात १९५३ च्या आरोग्य कायद्याखालच्या औषध सल्लागार समितीवर ग्राहकांच्या वतीनं किमान एक खुर्ची कायद्यानंच आहे. उद्योगाच्या वतीनंही एक आहे. दोघंही समोरासमोर बसतात.

एकटा बिगरतज्ज्ञ वीस तज्ज्ञांत बसवला तर तो मान हलवण्यापुरताच उरतो, हा आक्षेप खरा आहे. ग्रामपंचायतीत पहिल्या खेपेला निवडून आलेल्या बायकांबद्दलही हेच म्हणायचे. दुसऱ्या खेपेला बोलायला लागल्या.

‘‘शेवटी नेमणार मंत्रीच ना? मग फरक काय पडतो?’’

पडतो, आणि तो नेमणाऱ्यापेक्षा कमिटीच्या शब्दाला किती वजन आहे यावर ठरतो. ऑस्ट्रेलियातही सभासद मंत्रीच नेमतो. पण कायदा म्हणतो की समितीनं ‘हो’ म्हटल्याशिवाय मंत्र्याला नवं औषध यादीत घालता येत नाही. मंत्री ‘हो’ला ‘नाही’ करू शकतो, ‘नाही’ला ‘हो’ करू शकत नाही. आपल्याकडे समित्या सल्ला देतात, मानायचा की नाही ते सरकार ठरवतं. यात्रेची कमिटी बसली आणि बळी कितीचा, पंगत कितीची हे पाटलांनीच ठरवलं, तर ती कमिटी म्हणायची की पाटलांची बैठक?

मंत्र्याच्या हातात काहीच नको असंही मी म्हणणार नाही. पैसा लोकांचा आहे, आणि निवडून आलेला मंत्रीच आहे, औषधशास्त्रज्ञ नव्हे. पण कमिटीनं काय सांगितलं आणि मंत्र्यानं काय केलं, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत.

सीमाभागात दोन याद्या

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याला विरोध केला आणि वाद पेटला. त्या वादात दोन्ही बाजूंनी नकाशावर बोलणं झालं. यादीवर कुणी बोललं नाही. दोन्ही योजनांच्या पॅकेजच्या याद्या वेगळ्या, अटी वेगळ्या. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब. त्याला कुठल्या आजाराला कुठली यादी कामाची, हे सांगणारा कागद मराठीत कुणी काढला असता तर पेपरातल्या निम्म्या अग्रलेखांपेक्षा त्याचा उपयोग झाला असता. एक यादी बंगळूरला ठरते, दुसरी मुंबईला.

भाषेचा मुद्दा मी इथं मुद्दाम छोटा ठेवतो, त्याच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. इस्पितळातल्या काउंटरवरचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बहुधा मराठीत समजावतो, पण सहीला येणारा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतो. ‘हे पॅकेजमध्ये येत नाही, खर्च आम्ही करू’ अशा ओळीवर न वाचता अंगठे उठतात.

विचारायचं कुठं?

गावपातळीवर एक कमिटी अशी आहे, जिच्यात इथलीच माणसं बसतात: सरकारी दवाखान्याची आरोग्य रक्षा समिती. ती पॅकेज ठरवत नाही. पण दवाखान्याच्या हातात असलेल्या निधीतून संपलेलं औषध विकत घेता येतं, आणि तो ठराव याच समितीत होतो. आपल्या दवाखान्याच्या समितीत कोण आहे, बैठक शेवटची कधी झाली, हे विचारायला बंगळूर लागत नाही.

दुसरी जागा सुवर्ण विधानसौध. डिसेंबरात अधिवेशनाला सगळं सरकार बेळगावात येतं, आमदाराला लेखी प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. उसाचा दर आणि सीमाप्रश्न यांच्यामध्ये एक प्रश्न पॅकेजच्या समितीवर बसू शकतो.

तिसरं माहिती अधिकाराचं. २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात एक पोटकलम आहे, फारसं कुणी वापरत नाही. प्रत्येक सरकारी कार्यालयानं आपल्या मंडळांची, परिषदांची, समित्यांची माहिती आपणहून जाहीर करायची. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त मिळतं का, तेही सांगायचं. तेव्हा ‘समितीत कोण आहे’ हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. फी दहा रुपये, बीपीएलला तीही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकात एक अट जास्तीची: अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. शिवाय तो इंग्रजीत, हिंदीत किंवा इथल्या राजभाषेत लिहायचा, म्हणजे मराठीत नाही.

मी परवा रात्री दुकान बंद करून असा अर्ज लिहायला बसलो. पॅकेज ठरवणाऱ्या समितीच्या सभासदांची नावं आणि पदं, नेमणुकीच्या आदेशाची प्रत, शेवटच्या तीन बैठकांचं इतिवृत्त, सभासदांनी हितसंबंध लिहून दिले असतील तर त्याची प्रत. इंग्रजीत शंभर शब्दांत बसलं.

दुसऱ्या दिवशी काकू गोळ्यांची बाकी द्यायला आल्या. अर्ज काउंटरवरच होता, काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, सुटे पैसे मोजून ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘त्यात बाई किती आहेत, ते विचारलासा काय?’’

नव्हतं विचारलं. खाली ओळ वाढवली. एकशे चौदा झाले.